उरणला कापलेलं रीळ

माझ्या बायकोने लग्नानंतर माझ्याबरोबर थिएटरात एकच सिनेमा पाहिला. मध्यंतरात तिने विचारलं, "तुमचं तोंड सारखं मागे का? ओळखीचं कोणी आलंय का?" ओळखीचं कोणी नव्हतं. मी सवयीने माणसं मोजत होतो. त्यानंतर मालती तिच्या बहिणींबरोबर सिनेमाला जाऊ लागली आणि मीही तिला दोष दिला नाही.

माणसं मोजणं हा माझा धंदा होता. मी साळवी, सिनेमाच्या वितरकाचा प्रतिनिधी. म्हणजे काय, ते सांगतो, कारण ही नोकरी आता उरलेली नाही. सिनेमा काढणारा एक आणि तो विकत घेऊन गावोगावच्या थिएटरांना पुरवणारा दुसरा. हा दुसरा म्हणजे वितरक. तिकीटविक्रीत त्याचा ठरलेला हिस्सा असे. आता थिएटरवाला म्हणणार, "आज पाऊस होता, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही," आणि वितरक बसलेला मुंबईत. त्याला खरं कळणार कसं? म्हणून सिनेमाच्या पेट्यांबरोबर एक माणूस धाडायचा. त्याने पेट्या पोचवायच्या, तिकिटांचे नंबर तपासायचे, दारात उभं राहायचं आणि अंधार झाला की आत जाऊन डोकी मोजायची. थोडक्यात, मला संशय घेण्याचा पगार मिळत होता. हे काम बहुतेक लोक घरच्या घरी फुकट करतात.

संशयाला खाद्यही भरपूर असे. दारवाला तिकीट फाडल्यासारखं करी आणि फाडत नसे. ते अख्खं तिकीट मागच्या वाटेने पुन्हा खिडकीवर जाई आणि दुसऱ्यांदा विकलं जाई. एका मॅनेजरने हाऊसफुल्लच्या दिवशी लाकडी बाकं आणून मधल्या वाटेत टाकली होती. विचारलं तर म्हणाला, "घरची माणसं आहेत." त्याचं कुटुंब एवढं मोठं असेल तर सरकारने त्याला स्वतंत्र ग्रामपंचायत द्यायला हवी होती. अशा लोकांशी भांडता येत नाही. त्यांच्याच हातचा चहा घ्यायचा असतो आणि तो घेतानाही यात जास्त साखर का घातली, असा विचार करायचा असतो.

या सगळ्यात एक गंमत झाली. ऐंशीच्या दशकातले ते धमाल विनोदी सिनेमे, ज्यांची नुसती नावं काढली तरी माझ्या वयाची माणसं हसायला लागतात, ते मी शेकडो वेळा ऐकले आणि एकदाही धड पाहिले नाहीत. खेळ चालू असताना मी बाहेर दाराशी तरी असे, नाहीतर आत पडद्याकडे पाठ करून. संवाद पाठ. गाणी पाठ. लोक कुठे हसणार, कुठे शिट्ट्या मारणार, तेही पाठ. पण नायिकेच्या साडीचा रंग विचाराल तर मला सांगता येणार नाही.

एका सिनेमाची पेटी घेऊन मी उरणच्या बाजूला गेलो होतो. थिएटर पत्र्याचं. आता ते नाही, त्यामुळे नावही राहू द्या. सिनेमा मराठी, विनोदी. बँडमधला एक सनईवाला वरातीच्या गोंधळात चुकून नवरदेवाच्या घोड्यावर बसतो आणि सगळं गाव त्यालाच जावई समजतं, अशी कथा. पहिल्या दिवशी दुपारचा खेळ नीट झाला. संध्याकाळच्या खेळाला मी बाहेर उभा होतो, तर एक मोठा हशा आलाच नाही. सिनेमात नायिकेचा मामा कुठेतरी लपतो, तिथे खरा नवरदेव आधीच लपलेला असतो आणि दोघं एकमेकांना भूत समजतात. तिथे दुपारी पत्रे थरथरले होते. संध्याकाळी तो प्रसंग गेला कुठे? खेळही लवकर सुटला.

मी तडक ऑपरेटरच्या खोलीत गेलो. एक रीळ पेटीतून बाहेरच आलं नव्हतं. रीळ गाळायचं, वेळ वाचवायची आणि एक जादा खेळ घुसवायचा, हा जुना चोरधंदा. मी मॅनेजरला धरलं. मढवी त्याचं नाव, अंगाने आडवा, बोलायला शांत, आगरी बोलीत 'ड'चा 'र' करणारा.

"जादा खेळ कुठाय?" तो म्हणाला. "थिएटरला कुलूप लावतोय, बघताव ना?"

"मग रीळ का गाळलं?"

त्याने मला हाताला धरून रस्त्यावर आणलं. सुटलेलं पब्लिक धावत होतं. बायका लुगडी आवरत, पोरं कडेवर घेऊन स्टँडकडे पळत होत्या. "शेवटची एसटी," मढवी म्हणाला. "ती पकरायला मानसां पिच्चर अर्धा टाकून जातान. मंग दुसरे दिवशी भांडान कराला येतान, शेवट दाव म्हनून. एसटी कोन थांबवील, तुमी?"

"मग गाणं गाळा."

"गानां काढला तं खुर्च्या मोरतील. यो मामाचा सीन काढला तं गोष्ट काय अरत नाय."

माझा विश्वास बसला नाही. पुढचे काही दिवस मी तिथेच तळ ठोकला. जादा खेळ कधीच झाला नाही. दुपारी पूर्ण सिनेमा, संध्याकाळी मामा गायब. मुंबईच्या ऑफिसला कळवलं. तिकडून उत्तर आलं की वसुली चोख आहे ना, मग गप्प बसा. पंचक्रोशीतल्या एका अख्ख्या पिढीने तो सिनेमा मामाच्या त्या प्रसंगाशिवाय पाहिला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता मी कोपरखैरण्यात राहतो. बोनकोडे गावाला लागूनच आमची सोसायटी. गेल्या वर्षी सेक्रेटरीबाईंनी नोटीस लावली की दर रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये ऐंशीच्या दशकातले मराठी सिनेमे, चहा-सामोसा मोफत. बाई ऐरोलीच्या आयटी कंपनीत आहेत, वयाने चाळिशीच्या आतल्या. त्यांना हे सिनेमे दाखवण्याची हौस का यावी? चहा फुकट, सामोसा फुकट, सिनेमा फुकट. "रिडेव्हलपमेंटच्या सह्या असणार," मी मालतीला म्हणालो. "हसून हसून लोक गाफील झाले की कागद पुढे करतील." मालती म्हणाली, "तुम्ही सामोसा खाऊ नका, म्हणजे झालं." मी गेलो, सामोसा खाल्ला आणि कागदाची वाट बघत बसलो. कागद आला नाही. बाईंचे वडील त्यांना लहानपणी हे सिनेमे दाखवायचे, एवढंच कारण निघालं. तरी माझी अजून पूर्ण खात्री पटलेली नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तो सनईवाल्याचा सिनेमा लागला. आमच्याच मजल्यावरचे गजाभाऊ आणि लीलाताई माझ्या पुढच्या रांगेत होते. दोघं मूळ उरणकडच्या एका गावचे आगरी, आता मुलाकडे राहायला आलेले. गजाभाऊ उमेदीच्या काळात भाऊच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. आठवडाभर मुंबईत राहायचे, शनिवारी लाँचने उरणच्या मोरा बंदरात उतरून घरी. माणूस अबोल. लीलाताई उलट. नवऱ्याला अरे-तुरे करतात आणि ते त्यांना शोभतं. पण गजाभाऊ दहा मिनिटं उशिरा आले की त्या गेटवर उभ्या असतात, हे मी टिपून ठेवलं होतं. नुकत्याच बाजारात गेलेल्या म्हाताऱ्याची वाट बघण्याची ही तऱ्हा नव्हे. ती नजर वेगळी असते. मला ती ओळखता येते.

सिनेमा रंगला. मामा लपायला निघाला आणि लीलाताई ताडकन उठल्या.

"थांबवा! यो सीन या पिच्चरमदी नाय!"

सेक्रेटरीबाईंनी घाबरून सिनेमा थांबवला. "आजी, ओरिजिनल आहे हो, मी नीट बघून घेतलाय."

"ओरिजिनल कसला! मी उरनला चार वेला बघितलाय. मामा लपतच नाय. आजकाल मोबाइलवर लोकां कायबी बनवतान, तसला कोनीतरी मंगशी घुसवलाय." मग त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. "का तूच बनवून घेतलास पोराकरशी?"

लोक हसले. गजाभाऊ हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हातारी सिनेमातल्या एका प्रसंगावरून ओरडते यात नवऱ्याने एवढं घाबरण्यासारखं काय आहे, ते मला कळेना.

मी उभा राहिलो. उरणचं थिएटर, शेवटची एसटी, मढवी, गाळलेलं रीळ, सगळं सांगितलं. "लीलाताई, तुम्ही संध्याकाळच्या खेळाला जात होतात ना?"

"मंग? दुपारी शेतावर कोन, तू जानार व्हतास?"

"तर तुमच्या चारही खेळांना तो प्रसंग गाळलेला होता. प्रसंग खरा आहे. मी साक्षीला आहे."

लीलाताई खाली बसल्या.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. मी सवयीप्रमाणे पडद्याकडे न बघता गजाभाऊंकडे बघत होतो. मामा आणि नवरदेव यांचे संवाद ते ओठातल्या ओठात म्हणत होते. एक शब्द चुकत नव्हता. मग संवाद थांबले आणि एकदम हशा उसळला. मी पडद्याकडे पाहिलं. मामा धान्याच्या कणगीत लपला होता आणि त्याची खोटी मिशी सुटून नवरदेवाच्या गालाला चिकटली होती. आयुष्यभर ऐकलेला तो हशा कशाचा होता, ते मला त्या दिवशी समजलं. गजाभाऊंकडे वळून बघतो तो ते तोंड उघडं टाकून पडद्याकडे पाहताहेत आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटेच हसताहेत.

आमच्या धंद्यात एक आडाखा आहे. ज्याने सिनेमा आधी पाहिलाय तो विनोद यायच्या आधीच हसायला लागतो. जो नंतर हसतो, तो नवा. गजाभाऊंना बोलणं सगळं पाठ होतं आणि मिशी मात्र नवी होती.

चहाच्या वेळी लीलाताई मालतीजवळ येऊन बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून त्यांनी जे सांगितलं ते असं. लग्नाला वर्ष झालं होतं. गावदेवीची जत्रा होती. शनिवारी त्या मोऱ्याच्या बंदरावर नवऱ्याची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटची लाँच रिकामी झाली, गजाभाऊ आले नाहीत. ते रविवारी संध्याकाळी उगवले. म्हणाले, लाँच चुकली, मग मित्रांनी सिनेमाला नेलं. आणि बायको रुसली म्हणून तिला हसवायला त्यांनी तो मामाचा प्रसंग करून दाखवला. काही महिन्यांनी तोच सिनेमा उरणला लागला. लीलाताई मोठ्या हौसेने तो प्रसंग बघायला गेल्या. तो नव्हताच. आपल्याला डुलकी लागली असेल म्हणून पुन्हा गेल्या. चार वेळा गेल्या.

"मंग मना समाजला," त्या म्हणाल्या. "पिच्चर बघितलाच नाय यानी. धक्क्यावं कोनीतरी बाई हाय. त्या राती तिच्याकर व्हता." तेव्हापासून त्यांनी नवऱ्याचे सदरे हुंगले, त्याच्या मित्रांच्या बायकांना खोदून विचारलं, आणि त्याच्याबरोबर मुंबईला कधी पाऊल टाकलं नाही. "आनि त्यो बिचारा खरा बोलत व्हता. पाप लागला ना मना, मालतीताई?"

मालती त्यांची पाठ थोपटत होती. मी सामोसा हातात धरून बसून राहिलो. माझ्या एका साक्षीने एका माणसाची निर्दोष सुटका झाली होती, आणि मला ठाऊक होतं की तो माणूस खोटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गजाभाऊंना खाडीकडच्या रस्त्यावर गाठलं. ते रोज तिथे फिरायला जातात.

"तुम्ही लीलाताईंना प्रसंग करून दाखवलात, तेव्हा मामा कुठे लपला होता?"

"पान्याच्या टाकीत."

"काल तर कणगी होती."

"इतक्या वर्सांनी कोनाच्या ध्यानात राहील?"

"संवाद बरे राहिले! गजाभाऊ, सिनेमा असा कानाने पाठ असलेली माणसं तीनच. एक आमच्यासारखा प्रतिनिधी, दुसरा दारवाला आणि तिसरा..."

"हलू बोल," ते म्हणाले. आजूबाजूला कोणी नव्हतं. मग त्यांनीच वाक्य पुरं केलं. "ब्लॅकवाला."

ते कारखान्यातून सुटले की लालबागच्या बाजूला एका थिएटरबाहेर तिकिटं काळ्या बाजारात विकायचे. तिथे हवा खेळावी म्हणून बाजूचा दरवाजा उघडा असे आणि सिनेमा रोज कानावर पडे. जत्रेच्या त्या शनिवारी साध्या वेशातला पोलीस गिऱ्हाईक म्हणून आला. गजाभाऊंनी ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार चौकीत काढली. पुढे कधी तिकिटाला हात लावला नाही.

"मग हे सांगायला काय झालं होतं? बाई आहे असा संशय घेत होती ती!"

"तिचा बाप गावचा पोलीसपाटील व्हता, साळवी. बाई ठेवली बोलले तं लोकां हसतान न इसरतान. पाटलाचा जावई चौकीत बसला बोलले तं त्या घरात पाय ठेवता आला असता का मना?" त्यांनी माझा हात धरला. "तू साक्ष दिलास, देवासारखा आयलास. आता मोरू नको रे."

मला त्यांचा राग आला. लोकांच्या लबाड्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या सगळ्या दाराच्या, खिडकीच्या, तिकिटांच्या. ही वेगळी होती. इथे एका बाईला संशयात ठेवून माणूस सुखाने जेवत होता. तरी मी त्यांना शब्द दिला की माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही. दुसऱ्याच्या संसारात बोलण्याचा पगार मला कोणी दिला नव्हता.

त्या आठवड्यात गजाभाऊंचा थाट बघण्यासारखा होता. लीलाताई गेटवर उभ्या राहीनाशा झाल्या. गजाभाऊंना आवडते म्हणून रोज कोलंबी येऊ लागली. ते मला लिफ्टमध्ये भेटले की खालच्या मजल्याचं बटण बघत राहत. शनिवारी लीलाताई आमच्या दारात आल्या. "उद्या जेवाला या. देवीची ओटी भरलीय. तुमच्यासमोर मना एक काम कराचा हाय."

आम्ही गेलो. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. जेवणं झाली. लीलाताईंनी हात धुतले, देव्हाऱ्यातलं हळदीकुंकू आणलं आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "साळवीभाऊ, तुमी साक्ष दिलीत म्हनून तुमच्यासमोर. इतकी वर्सां मी याच्यावर नको तो आल घेतला. आज याच्या पाया परून माफी मागतंय."

मालतीने माझ्याकडे पाहिलं. तिला मी सगळं सांगितलं होतं, एवढा माझा शब्द मोडला होता. मी गजाभाऊंवरची नजर हलवली नाही. दुखणाऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून लीलाताई हळूहळू वाकत होत्या, आणि माझ्या मनात एकच होतं, की या माणसाने आता पाय पुढे ठेवले तर उद्यापासून मी त्याचं तोंड पाहणार नाही.

गजाभाऊंनी पाय मागे घेतले. खुर्ची कर्रकन वाजली.

"नको," ते म्हणाले. "पिच्चर मी बघितला नव्हता."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिकिटं, चौकी, सासऱ्याची भीती. लीलाताई तशाच अर्धवट वाकलेल्या होत्या. मालतीने पुढे होऊन त्यांना पलंगावर बसवलं.

शेवटी लीलाताई म्हणाल्या, "तिकिटा ब्लॅकनी इकत व्हतास?"

"व्हय."

"न मना एकदा पन नेला नाय? मी इकरं एसटी पकराला धावत व्हते!"

गजाभाऊंना हसू फुटलं. सुटल्यासारखं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. मलाही वाटलं की सुटलं एकदाचं. पण लीलाताई हसत नव्हत्या. मालतीने मला खूण केली आणि आम्ही उठलो.

दाराशी मी चपला घालत होतो, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. आरडाओरडा नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं, तसा तो आवाज होता.

"हसू नको. बाईच्या संशयानी मी रोज राती तुज्याकर पाठ करून निजले. चोर व्हतास तं सांगाचा व्हता रे. चोराला मी पदराखाली झाकला असता."